झारामोचे गोत

एखाद्या शहराचे नाव एका भाषेतले, बाजार दुसऱ्या भाषेतला, कचेरी तिसऱ्या भाषेतली आणि पायाखालची माती मात्र चौथ्याच भाषेतली, असे जगात पुष्कळ ठिकाणी आढळते. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे दार-ए-सलाम हे असेच एक शहर आहे. त्याचे नाव अरबी. ‘शांततेचे सदन’ असा त्याचा अर्थ सांगतात. बाजाराची आणि आता साऱ्या टांझानियाचीच भाषा स्वाहिली. वरिष्ठ शिक्षणाची भाषा इंग्रजी. दुकानांच्या ओळींतून कच्छी-गुजराती आणि गोव्याहून गेलेल्या घरांतून कोंकणी, ह्याही तेथे पिढ्यान् पिढ्या कानावर पडत आल्या आहेत. पण १८६० नंतरच्या दशकात झांझिबारचा सुलतान माजिद याने येथे आपला वाडा उभारावयास घेतला, तेव्हा त्या जागी म्झिझिमा नावाचे एक लहानसे किनारी खेडे होते. आणि त्या खेड्याच्या पाठीमागे पसरलेल्या मुलखाला उझारामो असे नाव होते. त्या मुलखातल्या लोकांची भाषा झारामो.

पुढे शहर वाढले. १९६७ च्या शिरगणतीत त्याची वस्ती सुमारे २ लाख ७० हजार होती. २०२२ मध्ये ती ५३ लाखांच्या वर गेली. त्या मानाने झारामो भाषेचे काय झाले, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. विचारलाच, तर उत्तर ठरलेले असते: ‘झारामो? ती स्वाहिलीसारखीच की!’ या ‘सारखीच’ शब्दाने एका भाषेचा निकाल लागतो. तो निकाल बरोबर आहे की नाही, हे आज तपासून पाहावयाचे आहे.

दिवाळी अंकात टीकालेख म्हटला की कथा-कादंबरी किंवा कवितासंग्रह समोर येणार, अशी वाचकांची अपेक्षा असते. येथे ज्या ग्रंथांची टीका करावयाची आहे ते आहेत भाषांच्या वंशावळी मांडणारे. पण वंशावळ हीदेखील एक रचनाच असते. कोणाला मधोमध बसवायचे, कोणाला कडेला ढकलायचे, कोणाला कोणाच्या पोटी घालायचे, हे मांडणाराच ठरवतो. लग्नपत्रिकेवरील नावांच्या क्रमावरून घरात केवढे रामायण घडते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला भाषांच्या कोष्टकाचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

१

झारामो ज्या कुळातली आहे ते कूळ फार मोठे. कॅमेरूनपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत आणि अटलांटिक महासागरापासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेल्या सुमारे ५०० भाषांना बांटू भाषा म्हणतात. हे नाव विल्हेल्म ब्लीक या जर्मन पंडिताने गेल्या शतकाच्याही मागल्या शतकात रूढ केले. ते त्याने हवेतून काढले नाही. त्या भाषांच्याच तोंडून घेतले. माणसाला झुलू भाषेत ‘उमुंटू’ म्हणतात, माणसांना ‘अबांटू’. शोना भाषेत ‘मुन्हू’ आणि ‘वान्हू’. मलावीच्या चेवा भाषेत ‘मुन्थू’ आणि ‘आन्थू’. स्वाहिलीत ‘म्तू’ आणि ‘वातू’. हजारो मैलांच्या अंतरावर माणूस ‘माणूस’च राहिला, फक्त प्रत्येक अंगणात त्याचा उच्चार थोडा बदलला.

या भाषांची मोठी मौज त्यांच्या नामांत आहे. मराठीत आपण नामांची तीन लिंगे मानतो आणि ‘चांगला मुलगा’, ‘चांगली मुलगी’, ‘चांगले मूल’ असे विशेषणाला वळवतो. बांटू भाषांत स्त्री-पुरुष असा भेद नामांत नाही. त्याऐवजी नामांचे दहा-पंधरा किंवा त्याहून अधिक वर्ग असतात. माणसांचा एक वर्ग, झाडांचा एक, वस्तूंचा एक, अशी त्यांची साधारण वाटणी सांगता येते, जरी तीत अपवाद पुष्कळ. प्रत्येक वर्गाला आरंभी लागणारा एक प्रत्यय असतो, आणि तोच प्रत्यय वाक्यभर फिरतो. स्वाहिलीत ‘मोठे पुस्तक पडले’ हे ‘किताबु किकुब्वा किमेआंगुका’ असे होते; आणि पुस्तके अनेक असली की ‘विताबु विकुब्वा विमेआंगुका’. ‘कि’ची जागा सर्वत्र ‘वि’ घेतो. पंगतीत एकाने पागोटे बदलले की सगळ्यांनी बदलावे, तशी ही शिस्त. यातली गंमत ही की ‘किताब’ हा मूळचा अरबी शब्द. पण तो आरंभीच्या ‘कि’सह आला आणि बांटू व्याकरणाने त्या ‘कि’ला आपलाच प्रत्यय समजून त्याचे अनेकवचन ‘विताबु’ करून टाकले. पाहुणा घरात आला आणि घरच्या कुळाचाराला लागला!

याच प्रत्ययांनी आपल्या विषयाचे नावही घडले आहे. ‘झारामो’ या धातूला ‘म’ लागला की एक झारामो माणूस, म्झारामो. ‘वा’ लागला की अनेक, वाझारामो. ‘उ’ लागला की त्यांचा देश, उझारामो. ‘कि’ लागला की त्यांची भाषा, किझारामो. एका शब्दात माणूस, समाज, भूमी आणि वाणी, सगळी बसली. पण ज्या प्रत्ययांनी हे नाव आपल्यापर्यंत पोचले, ते सहसा स्वाहिलीचे आहेत. आणि ‘झारामो’तला ‘र’देखील बाहेरच्यांच्या तोंडी बसलेला. अलीकडचे अभ्यासक पुष्कळदा ‘झालामो’ असे लिहितात. नावापासूनच या भाषेची ओळख शेजारणीच्या तोंडून झाली आहे, एवढे येथे लक्षात ठेवावे.

२

बाहेरच्या जगाला झारामो मुलखाची सविस्तर हकीकत ज्यांनी सांगितली, त्यांत रिचर्ड बर्टन या इंग्रज प्रवाशाचे नाव आरंभीच येते. तो १८५७ मध्ये जॉन स्पीकसह किनाऱ्यावरून आत निघाला तो याच मुलखातून. त्या प्रवासाशी आपल्या किनाऱ्याचाही एक धागा जुळलेला आहे. बर्टन मुंबईहून निघाला होता आणि त्याच्या चाकरीत गोव्याचे दोन तरुण होते. तांड्यातला सगळ्यांत विश्वासू माणूस म्हणजे सिदी मुबारक बाँबे. तो जन्माने याओ जमातीचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला जाऊन हिंदुस्थानात आला, धन्याच्या मृत्यूनंतर मोकळा होऊन परत आफ्रिकेत गेला, आणि मुंबईचे नाव मात्र जन्मभर अंगावर वागवीत राहिला. स्पीकला त्याच्याशी हिंदुस्थानीतून बोलावे लागे. म्हणजे उझारामोतली वस्तुस्थिती स्पीकपर्यंत पोचताना वाटेत आपल्याकडची एक भाषा दुभाषी म्हणून उभी होती.

बर्टनचा ग्रंथ १८६० मध्ये प्रसिद्ध झाला. तो वाचनीय आहे, माहितीने भरलेला आहे, आणि झारामो लोकांविषयी तो मन मोठे करून लिहीत नाही. वाटेवर जकात मागणारे मुखिये त्याला उपद्रवी वाटले. त्यांच्या मुखियांना ‘पाझी’ म्हणत हे त्याने टिपले. पण आपल्या भूमीवरून जाणाऱ्या तांड्याकडून हक्क मागणारा मनुष्य चोर नव्हे, यजमान आहे, हे त्याच्या ध्यानात आले नाही. प्रवाशाच्या लेखणीचा हा दोष जुनाच. ज्या भाषेतून आपण वाट विचारतो ती आपल्याला देशाची भाषा वाटते. आणि जिच्यातून वाट अडवली जाते ती नुसता गलका. किनाऱ्यावरून आत जाणाऱ्याला वाट सांगणारी भाषा स्वाहिली होती. झारामो तेव्हापासूनच गलक्याच्या बाजूला पडली.

३

यानंतर पंडितांची पाळी आली. कार्ल माइनहोफ याने १८९९ मध्ये बांटू भाषांच्या ध्वनींचा तौलनिक विचार करून, आज कोणीच बोलत नाही अशा मूळ बांटू भाषेची रूपे कशी असावीत हे मांडण्याचा प्रयत्न केला. आपल्याकडे संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांची तुलना करून जे काम झाले, त्याच जातीचे हे काम. फरक एवढाच की येथे हाताशी हजार-दोन हजार वर्षांचे ग्रंथ नव्हते; लोकांच्या तोंडचे शब्द हाच पुरावा.

पण सामान्य अभ्यासकाच्या हातात जे कोष्टक पडले ते माल्कम गथ्री या इंग्रज पंडिताचे. १९४८ मध्ये त्याने सगळ्या बांटू मुलखाची अक्षरांनी वाटणी केली आणि प्रत्येक अक्षरात भाषांना आकडे दिले. झारामोच्या वाट्याला ‘जी ३३’ आले. ग्रंथपालाच्या दृष्टीने ही सोय अप्रतिम आहे. एकाच भाषेची चार नावे चार पुस्तकांत निरनिराळ्या तऱ्हेने लिहिलेली असली, तरी आकडा एकच असल्याने घोटाळा टळतो. आजही अभ्यासक हे आकडे वापरतात, आणि ते योग्यच आहे.

मात्र जे टपालाचा पत्ता म्हणून उत्तम, ते कुंडली म्हणून चालत नाही. गथ्रीची अक्षरे मुख्यतः नकाशावर बेतलेली आहेत. जवळ जवळ राहणाऱ्या आणि काही लक्षणांत जुळणाऱ्या भाषा त्याने एका अक्षराखाली आणल्या. त्यामुळे ‘जी’ या एका छपराखाली गोगो, शाम्बाला, झिगुला, झारामो, स्वाहिली आणि दूर नैर्ऋत्येकडच्या डोंगरातली हेहे, अशा सगळ्या एकत्र आल्या. झारामो ‘जी ३०’च्या गटात आणि स्वाहिली ‘जी ४०’च्या, म्हणजे कोष्टकात पाहणाऱ्याला दोघी लगतच्या खोल्यांत राहताना दिसतात. उलट पोकोमो आणि मिजिकेंडा या केनियाच्या किनाऱ्यावरच्या भाषा गथ्रीने ‘ई’ या निराळ्याच अक्षरात नेऊन बसवल्या.

एकाच चाळीत राहणारे सगळे भाऊबंद नसतात, आणि भाऊबंद सगळे एकाच चाळीत राहत नाहीत. कोष्टकाचा हा दोष गथ्रीच्या माथी मारणेही सर्वस्वी बरोबर नाही. पत्त्याचा आकडा वाचून ज्यांनी गोत्र सांगितले, त्या वाचकांचाही तो दोष आहे.

४

गोत्र ठरवायचे कसे? याचे उत्तर समजून घेण्यासाठी एक साधे उदाहरण घेऊ. भुकेला चेवा भाषेत ‘न्जाला’, झुलूत ‘इंड्लाला’, शोनात ‘न्झारा’ म्हणतात. स्वाहिलीत हाच शब्द ‘न्जाआ’ असा आहे. बाकीच्यांनी सांभाळलेला मधला ‘ल’ किंवा ‘र’ स्वाहिलीने गाळला. अशा तऱ्हेचा बदल एखाद-दुसऱ्या शब्दात झाला तर तो योगायोग. पण शब्दामागून शब्दांत, नियमाने, दोन भाषांनी तोच बदल केलेला दिसला, तर त्या दोघी कधी काळी एका घरात नांदत होत्या असे मानावयास आधार मिळतो. नवे शब्द उसने घेता येतात. व्याकरणातले आणि ध्वनींतले जुने बदल सहसा उसने आणता येत नाहीत.

या कसोटीने डेरेक नर्स आणि थॉमस हिनेबुश या दोघांनी किनाऱ्यावरच्या भाषा तपासल्या. त्यांचा स्वाहिली आणि साबाकी भाषांच्या इतिहासावरचा मोठा ग्रंथ १९९३ चा. त्यातून आणि नर्स व जेरार फिलिप्सन यांच्या आधीच्या कामातून जे चित्र पुढे आले ते असे: ईशान्य किनारी बांटू असे एक जुने कूळ, त्याच्या मुख्य शाखा साबाकी, सेउता, रुवू आणि पारे. स्वाहिली ही साबाकी शाखेतली. तिच्या सख्ख्या बहिणी म्हणजे केनियाच्या किनाऱ्यावरच्या मिजिकेंडा आणि पोकोमो, आणि समुद्रापलीकडच्या कोमोरो बेटांवरची कोमोरी. म्हणजे गथ्रीने ज्यांना निराळ्या अक्षरात घातले त्यांतल्याच काही! झिगुला आणि न्गुलु, ज्या गथ्रीच्या कोष्टकात झारामोच्या गटात होत्या, त्या निघाल्या शाम्बाला आणि बोंडेई यांच्या सेउता शाखेतल्या. आणि झारामो? ती रुवू शाखेतली. तिच्या सख्ख्या बहिणी क्वेरे, कुटू, कामी, डोए आणि लुगुरू. त्याच शाखेच्या पश्चिमेकडच्या फांदीवर कागुलू आणि थेट देशाच्या मध्यभागातली गोगो.

हा निकाल काय सांगतो? झारामो लोक समुद्राकाठी राहतात, नारळ लावतात, मासळी खातात, किनाऱ्यावरच्या मुसलमान संस्कृतीत शतक-दीड शतक मिसळून गेले आहेत. त्यांच्याकडे पाहणारा त्यांना स्वाहिली लोकांचेच एक अंग समजेल. पण त्यांची भाषा समुद्राची नाही. ती डोंगराच्या बाजूची आहे. तिचे गोत पश्चिमेकडे, उलुगुरू डोंगरात आणि त्याच्याही पलीकडे आहे. झारामो लोकांच्या जुन्या आख्यायिकाही पूर्वजांचे मूळ त्या डोंगराकडेच दाखवतात. आख्यायिका आणि व्याकरण यांनी एकाच दिशेला बोट दाखवावे, असा योग भाषांच्या अभ्यासात सहज येत नाही.

स्वाहिली झारामोची आई नव्हे, सख्खी बहीणही नव्हे. चुलत बहीण आहे. दोघींच्या बोलण्यात साम्य आहे, कारण आजोबा एक आहेत. आणि त्याखेरीज आणखी एका कारणाने साम्य आहे, ज्याकडे शब्द मोजणाऱ्यांचे लक्ष पुरेसे जात नाही. ते कारण म्हणजे शेजार. शतकानुशतके झारामोने स्वाहिलीकडून शब्द घेतले: व्यापाराचे, धर्माचे, सरकार-दरबाराचे. दोन भाषांच्या शब्दयाद्या समोरासमोर ठेवून शेकडा किती शब्द जुळतात हे मोजले, तर उसन्या शब्दांची गणना रक्ताच्या नात्यात होते आणि चुलत बहीण सख्खी दिसू लागते. आपल्या घरात चहा-साखरेची देवघेव ज्या शेजारणीशी होते, तिला केवळ तेवढ्यासाठी कोणी माहेरचे माणूस म्हणत नाही.

स्वाहिलीनेही शब्द घेतले आहेतच, आणि ते आपल्या परिचयाचे आहेत. ‘गारी’ म्हणजे गाडी, ‘पेसा’ म्हणजे पैसा, ‘बिमा’ म्हणजे विमा, ‘हुंडी’ म्हणजे हुंडी, ‘लाकी’ म्हणजे लाख, ‘रांगी’ म्हणजे रंग, ‘चपाती’ म्हणजे चपातीच! पश्चिम हिंदुस्थानच्या व्यापाराने हे शब्द तिकडे नेले. पण म्हणून स्वाहिली ही हिंदुस्थानी भाषा आहे असे कोणी म्हणत नाही. ज्या न्यायाने स्वाहिलीचा स्वतंत्र संसार मान्य करायचा, तो न्याय झारामोला का लागू नये?

माझ्या मते नर्स-हिनेबुश यांच्या पद्धतीचा हा मोठा गुण आहे की ती शेजार आणि नाते यांत फरक करते. स्वीडनमधल्या मालिन पेत्सेल यांनी २००८ मध्ये कागुलू भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले, आणि २०१३ मध्ये हराल्ड हामारस्ट्रॉम यांच्यासह रुवू परिसरातल्या भाषांची केवळ शब्दांनी नव्हे, तर व्याकरणानेही तुलना केली. ही दिशा योग्य आहे. कारण शब्द हे दागिने, व्याकरण हा बांधा. दागिने एका दिवसात बदलतात.

५

येथवर आले म्हणजे वाचक म्हणेल, ‘ठीक आहे, चुलत बहीण तर चुलत बहीण. त्याने कोणाचे काय बिघडले?’ बिघडले ते येथेच.

१९६१ मध्ये टांगानिका स्वतंत्र झाले, १९६४ मध्ये झांझिबारशी त्याचा संयोग होऊन टांझानिया झाले. शंभराहून अधिक भाषांचा हा देश. जूलियस न्येरेरे यांनी त्याला एका भाषेने बांधण्याचे ठरविले, आणि ती भाषा स्वाहिली. या धोरणाचे यश कोणी नाकारू नये. एका मोठ्या जमातीची भाषा दुसऱ्यांवर लादल्याचे भांडण तेथे झाले नाही, कारण स्वाहिली ही कोणत्याही बलाढ्य अंतर्भागी जमातीची नव्हती. शेजारच्या देशांत जमातीजमातींची जी वैरे पेटली, त्यांच्या तुलनेत टांझानियाने एकोपा राखला. त्याचे बरेचसे श्रेय या भाषेला दिले जाते आणि ते रास्त आहे. न्येरेरे यांची स्वतःची मातृभाषा झानाकी, हीही एक लहान भाषाच. त्यांनी शेक्सपिअरची ‘जूलियस सीझर’ आणि ‘व्हेनिसचा व्यापारी’ ही नाटके भाषांतरित केली ती झानाकीत नव्हे, स्वाहिलीत. दुसऱ्याला जो त्याग सांगितला तो त्यांनी स्वतःही केला, हे मान्य केले पाहिजे.

पण त्याग सगळ्यांचा सारखा नव्हता. दूरच्या सुकुमा किंवा न्याक्यूसा भाषेच्या मुलाला शाळेतली स्वाहिली ही उघडच दुसरी भाषा होती. घरी एक, शाळेत एक. दोघींमधली सीमा त्याला दिसत होती, आणि जी सीमा दिसते ती राखता येते. झारामो मुलाचे तसे नव्हते. राजधानी त्याच्याच अंगणात, बाजार त्याच्याच दारात, आणि शाळेतली भाषा आपल्या भाषेच्या इतकी जवळ, की एक केव्हा संपली आणि दुसरी केव्हा सुरू झाली हे त्याला कळलेच नाही. आज प्रत्यय बदलला, उद्या शब्द, परवा वाक्य. परकी भाषा दाराशी आली की घर सावध होते; नात्यातली आली की दार आपणच उघडतो. झारामोच्या बाबतीत घडले ते हे. आणि ‘सारखीच तर आहे’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने त्या दाराला थोडा थोडा हात लावला.

फिनलंडच्या मारिया-लिसा स्वांट्स या विदुषीने दार-ए-सलामजवळच्या किनारी वस्तीत राहून झारामो समाजाचा अभ्यास केला. झारामो लोकांचे विधी आणि प्रतीके यांवरचा त्यांचा ग्रंथ १९७० चा. म्हणजे समाज बदलत असतानाच लिहिलेला. वयात आलेल्या मुलीला झारामो घरात ‘म्वाली’ म्हणून काही काळ एकांतात ठेवीत, थोरल्या बायका तिला संसाराच्या गोष्टी गाण्यांतून, कूटांतून, संकेतांतून शिकवीत. त्या काळात तिच्या हाती एक लाकडी मूर्ती दिली जाई, ‘म्वाना हिती’ नावाची. हात नाहीत, पाय नाहीत. नुसते धड, गोल डोके आणि त्यावर केसांचा दुभंगलेला तुरा. मुलीने तिला तेल लावावे, न्हाऊ घालावे, मुलासारखे जपावे. या समाजात कूळ आईकडून चालत आले होते; ही मूर्ती त्या कुळाच्या सातत्याची खूण. स्वांट्स यांच्या पुस्तकाचे मोल असे, की त्यांनी विधीला चमत्कारिक चाल म्हणून मांडले नाही. त्यातल्या अर्थाची माळ ओवून दाखवली.

आज म्वाना हिती युरोप-अमेरिकेच्या संग्रहालयांत काचेमागे उभी आहे. ती सुखरूप आहे; तिच्यावर धूळही बसत नाही. पण तिला न्हाऊ घालताना म्हटले जाणारे शब्द काचेमागे ठेवता येत नाहीत. संसाराच्या गोष्टी स्वाहिलीतूनही सांगता येतात, हे खरे. मात्र कूटाचा अर्थ शब्दाच्या ज्या जुन्या वळणावर लपलेला असतो, ते वळण भाषांतरात सरळ होऊन जाते. म्हातारीने मुलीच्या कानात सांगावयाची गोष्ट वर्तमानपत्राच्या भाषेत सांगितली, तर ती खरी राहील. पण कानात सांगितल्यासारखी राहणार नाही.

६

मग उपाय काय? स्वाहिलीचे राज्य मोडावे असे कोणी शहाणा म्हणणार नाही. २०२१ मध्ये युनेस्कोने ७ जुलै हा जागतिक स्वाहिली दिवस ठरवला, तेव्हा साऱ्या आफ्रिकेने आनंद मानला, आणि तो मानावयास हवाच होता. आपल्या मातीतल्या एका भाषेने एवढी उंची गाठावी याचे कौतुक झारामो घरातही झाले असेल. चुलत बहिणीचा सत्कार हा घरचाच सत्कार.

दार-ए-सलाम विद्यापीठातल्या अभ्यासकांनी देशातल्या भाषांची पाहणी करून २००९ मध्ये त्यांचा नकाशासंग्रह छापला, ही आशेची खूण आहे. परंतु नुसती नोंद पुरेशी नाही. माझे म्हणणे एवढेच, की झारामोची ओळख करून देताना ‘स्वाहिलीसारखी’ हे वाक्य पहिले नसावे. तिच्या बहिणींची नावे आधी घ्यावीत: क्वेरे, कुटू, कामी, डोए, लुगुरू. चुलतीचे नाव मागाहून. ओळखीच्या क्रमाने भाषा वाचते असे नाही. पण ओळखच चुकली तर ती वाचवावी असे कोणाच्या मनातही येत नाही. जी भाषा दुसरीची अशुद्ध प्रत समजली जाते, तिच्या बोलणाऱ्यालाच ती सोडून शुद्ध प्रत हाती घ्यावीशी वाटते. चुकीच्या वंशावळीचा खरा उपद्रव हा आहे. म्हणूनच एका कोष्टकावर टीका करण्यात मी वाचकांचा एवढा वेळ घेतला.

इतिहासाने या प्रकरणात आणखी एक गमतीचा योग साधला आहे. १९७३ मध्ये टांझानियाने राजधानी दार-ए-सलामहून देशाच्या मध्यभागी, डोडोमाला हलवण्याचे ठरविले. सरकारी बिऱ्हाड खऱ्या अर्थाने हलू लागले ते २०१६ नंतर. डोडोमा हा गोगो लोकांचा मुलूख. म्हणजे रुवू शाखेच्या पूर्वेकडच्या टोकावरून निघालेली राजधानी त्याच शाखेच्या पश्चिमेकडच्या टोकावर जाऊन थांबली! १९०५ मध्ये जर्मनांनी दार-ए-सलामहून आत लोहमार्ग घालावयास घेतला, तो १९०७ मध्ये लुगुरू डोंगराच्या पायथ्याशी मोरोगोरोला पोचला आणि पुढे डोडोमावरून सरोवराकाठी गेला. २०२४ पासून त्याच दिशेने विजेची नवी गाडी धावते आहे. दार-ए-सलामला बसलेला उतारू झारामोच्या भूमीवरून निघतो, लुगुरू डोंगर डाव्या हाताला ठेवून कागुलूच्या मुलखाच्या कडेने गोगोच्या पठारावर उतरतो. सबंध प्रवासात तो एकाच भाषाशाखेतून गेलेला असतो. डब्यात अर्थातच सगळे स्वाहिली बोलत असतात.

त्या वाटेवर रुवू नदी लागते. उलुगुरू डोंगरात उगम पावून ती बागामोयोजवळ समुद्राला मिळते. पंडितांनी या भाषाशाखेला नाव दिले ते याच नदीचे. दार-ए-सलामच्या नळांना जे पाणी येते त्यातले बहुतेक तिचेच. पन्नास लाखांहून अधिक माणसे रोज सकाळी उठून रुवूचे पाणी पितात, आणि तिच्या काठची भाषा त्यांतल्या फार थोड्यांना बोलता येते.